ग्रंथालयात संगणक येतोय. वाचक राहील ना?

(वडवणी येथे ग्रंथालय कार्यकर्ते आणि वाचकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे, 'ग्रंथालयातील तंत्रज्ञान : फायदे आणि तोटे'. ऐकल्यावर शाळेतला निबंध आठवतो. अर्धं पान फायदे, अर्धं पान तोटे, आणि शेवटी 'तात्पर्य, कोणत्याही गोष्टीचा अतिरेक वाईट'. तसं बोलून मी तुमचा वेळ घेणार नाही, कारण तुमच्यापैकी अनेकांसमोर प्रश्न अगदी रोकडा आहे. संचालक मंडळात कुणीतरी म्हणतं, आता सगळं ऑनलाइन करून टाकू. कुणीतरी माहितीपत्रक घेऊन येतं. अनुदानाचा हप्ता कधी येईल याची खात्री नसताना पैसे कशावर घालायचे हे ठरवायचं असतं. आणि ग्रंथपालाच्या मानधनाचा आकडा इथं सगळ्यांना माहीत आहे. तो उच्चारून मी कुणाला लाजवत नाही.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा. त्यातून अ, ब, क, ड असे वर्ग आले, अनुदान आलं, तपासणी आली. गावोगावी दोन-चार हजार पुस्तकांची ग्रंथालयं उभी राहिली ती या कायद्यामुळे आणि तुमच्यासारख्या माणसांच्या चिकाटीमुळे. या ग्रंथालयांची साधनं कोणती होती? दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, वर्गणीचं पावती पुस्तक, एक शिक्का आणि एक कपाटाची किल्ली. हीसुद्धा तंत्रंच आहेत. नोंदवही हे तंत्र आहे, पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला आकडा हे तंत्र आहे. त्यामुळे तंत्रज्ञान हवं की नको, असा प्रश्नच नाही. मी एकच प्रश्न घेऊन आले आहे : अमुक साधन आणल्यावर कोणत्या वाचकाला पुस्तक सोपं होईल, आणि कोणता वाचक दारातूनच परत जाईल? प्रत्येक साधन या एका काट्यावर तोलायचं.

आधी मिळकत बघू, कारण ती खरी आहे.

पहिली मिळकत म्हणजे शोध. नोंदवहीत पुस्तक दाखल क्रमांकानं असतं. १८०५ क्रमांकाचं पुस्तक कोणतं हे नोंदवही लगेच सांगते. पण 'पाणलोट विकासावर तुमच्याकडे काय आहे?' असं एखाद्या शेतकऱ्यानं विचारलं, तर नोंदवही गप्प बसते. तिथं ग्रंथपालाची स्मरणशक्ती कामाला येते. चांगला ग्रंथपाल कपाटाकडे न बघता पुस्तक काढून देतो. पण तो आजारी पडला, निवृत्त झाला, की ग्रंथालयाचा मेंदूच गेला. संगणकातली यादी ही त्या स्मरणशक्तीची नक्कल आहे, आणि ती पुढच्या माणसाच्या हाती देता येते. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हे तत्त्व एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली आपल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत मांडलं. संगणकाची यादी ते नेमकं करते.

दुसरी मिळकत जरा सविस्तर सांगते, कारण ती आपल्या जिल्ह्याच्या मातीशी जोडलेली आहे. पुस्तकाला विषयाचा आकडा देण्याची जी पद्धत बहुतेक ठिकाणी चालते, ती मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाची, १८७६ सालची. त्यात धर्माला २०० ते २९९ असे शंभर आकडे आहेत. त्यातले २२० ते २८९ ख्रिस्ती धर्माभोवतीच फिरतात. जगातल्या उरलेल्या सगळ्या धर्मांना २९०च्या घरात दाटीवाटीनं बसवलं आहे. हिंदू धर्म २९४.५, इस्लाम २९७. मराठी साहित्याला ८९१.४६ मिळतो. हिंदीला ८९१.४३, आणि उर्दूला त्याच्याच पोटात ८९१.४३९. ड्युई वाईट माणूस होता असं मी म्हणत नाही. त्याच्या खिडकीतून जग जसं दिसलं तसे त्यानं कप्पे केले. साधन बनवणाऱ्याचं गाव साधनात उतरतं, एवढं यातून लक्षात ठेवू.

आता प्रश्न असा. बीड जिल्ह्यातल्या वाहिऱ्याशी ज्यांचं नाव जोडलं जातं आणि श्रीगोंद्याला ज्यांची समाधी आहे, ते संत शेख महंमद. 'योगसंग्राम' हा त्यांचा ग्रंथ. माणूस सुफी परंपरेतला, भाषा मराठी, परिभाषा योगाची. हे पुस्तक कुठं ठेवाल? २९७च्या फळीवर ठेवलंत तर संतसाहित्य शोधणाऱ्याला दिसणार नाही. मराठी काव्यात ठेवलंत तर सुफी परंपरेचा अभ्यास करणाऱ्याला सापडणार नाही. फळीवर पुस्तकाची जागा एकच असते आणि आकडाही एकच. पण संगणकाच्या यादीत एका पुस्तकाला चार विषय देता येतात : संतसाहित्य, सुफी परंपरा, मराठी काव्य, बीड आणि अहिल्यानगर परिसर. पुस्तक एका फळीवर राहतं आणि चार वाटांनी सापडतं. आपल्या समाजाचा इतिहास असाच कप्प्यांच्या सीमेवर उभा आहे. त्याला ही सोय मोठी आहे. मात्र ते चार विषय यंत्र आपोआप लिहीत नाही. पुस्तक उघडून कुणीतरी ते लिहावे लागतात. तिथं आळस केला की संगणकही ड्युईचंच गाव दाखवतो.

तिसरी मिळकत भाषेची. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत, हिंदू घरांतसुद्धा, उर्दू वाचणारी एक पिढी होऊन गेली. आज आजोबांच्या पेटीतलं उर्दू पुस्तक नातवाला वाचता येत नाही. त्याची शाळा मराठी. ते पुस्तक ग्रंथालयाला भेट आलं की नोंदवहीत काय लिहिलं जातं? 'उर्दू पुस्तक, एक प्रत.' झालं. नाव नाही, लेखक नाही, विषय नाही. युनिकोड मानणारी प्रणाली असेल तर त्याच पुस्तकाचं नाव उर्दू लिपीतही लिहिता येतं आणि देवनागरीतही. उर्दू वाचणारा एका बाजूनं पोहोचेल, न वाचणारा दुसऱ्या बाजूनं. घरबसल्या वाचायचं असेल तर 'रेख्ता'नं २०१३पासून उर्दू पुस्तकांचं मोठं भांडार खुलं केलं आहे. मराठीत विश्वकोश ऑनलाइन आहे, साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकं विनामूल्य उतरवून घेता येतात. ज्या ग्रंथालयाकडे नवी पुस्तकं घ्यायला पैसे नाहीत, त्यानं निदान या तीन दारांचा पत्ता भिंतीवर लावावा. त्याला खर्च नाही.

आता दुसरं पारडं.

सुरुवात साध्या अडचणींपासून करते. ज्या ग्रंथालयांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हौसेनं संगणकावर यादी केली, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची यादी आज उघडत नाही. उघडली तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. कारण त्या काळचे मराठी फॉन्ट ज्याचे त्याचे वेगळे होते. इंग्रजी अक्षरांवर मराठीचा मुखवटा चढवलेला होता. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. आणि दाखल नोंदवही? ती १९७०ची असली तरी उघडते आणि वाचता येते. म्हणून पहिला नियम : युनिकोडशिवाय एक अक्षरही टंकायचं नाही. दुसरा नियम : संगणक आला म्हणून दाखल नोंदवही बंद करायची नाही.

पुढची अडचण विक्रेत्याची. काही प्रणाल्या अशा असतात की नोंदी आत जातात, बाहेर येत नाहीत. वार्षिक देखभालीचे पैसे थकले की कुलूप. म्हणून माहितीपत्रक घेऊन आलेल्या माणसाला रंगीत पडदे दाखवू द्या, चहा पाजा, आणि एकच प्रश्न विचारा : 'उद्या आम्ही तुम्हाला सोडलं, तर आमच्या सगळ्या नोंदी आम्हाला दुसरीकडे नेता येतील अशा रूपात काढून द्याल का? लेखी द्याल का?' ग्रंथालयाच्या नोंदीसाठी 'मार्क' नावाचा जगभर चालणारा साचा आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६०च्या दशकात हेन्रिएट एव्हरम या बाईंनी तो घडवला. नोंदी त्या साच्यात निघत असतील तर तुम्ही मोकळे आहात. निघत नसतील तर तुमची यादी तुमची नाही.

मग फुकटचं काय? 'कोहा' नावाची प्रणाली आहे. तिची कहाणी आपल्यासारख्यांनी ऐकण्याजोगी आहे. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाच्या ग्रामीण भागात ग्रंथालय चालवणारी एक संस्था होती. १९९९मध्ये तिची जुनी प्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती, आणि बाजारातली नवी परवडणारी नव्हती. त्यांनी एका छोट्या कंपनीकडून स्वतःपुरती प्रणाली लिहून घेतली, जानेवारी २०००मध्ये सुरू केली आणि जगाला मोफत खुली केली. कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट. पण नुसती भेट नव्हे, घेणाऱ्यानंही पुढे काही द्यावं अशी अपेक्षा असलेली भेट. आज जगभरातली ग्रंथालयं ती वापरतात. पण मोफत म्हणजे बिनखर्चाची नव्हे. तिला सर्व्हर लागतो, ती चालवणारा जाणकार लागतो, आणि तो पुण्याला असेल तर वडवणीत बिघाड झाल्यावर फोनवर विनवण्या आल्या. एन.आय.सी.नं सरकारी ग्रंथालयांसाठी 'ई-ग्रंथालय' केलं आहे, तेही तुमच्या कामाचं आहे का ते विचारून घ्या. माझा सल्ला विचाराल तर 'ड' वर्गाच्या ग्रंथालयानं एकदम मोठी उडी घेऊ नये. युनिकोड मराठीत एक साधा एक्सेलचा तक्ता करा : दाखल क्रमांक, नाव, लेखक, विषय एक, विषय दोन, कपाट. तीन हजार पुस्तकांना तो पुरतो, आणि उद्या कोणत्याही प्रणालीत ओतता येतो. पुस्तकाला चिकटवायचे आर.एफ.आय.डी. टॅग, दारातली फाटकं, हे मोठ्या शहरी ग्रंथालयाचं काम. तिथं लाखभर पुस्तकांची मोजणी करायची असते. आपल्याकडे दोन माणसं दोन दिवसांत मोजणी करतात. तो पैसा पुस्तकांवर घाला.

या अडचणी पैशाच्या आणि कौशल्याच्या आहेत, त्या सुटतात. आता ज्या अडचणीसाठी मी मुद्दाम बोलायला आले तिकडे वळते.

प्रत्येक प्रणाली बसवताना तिच्यात काही नियम आधीच भरलेले असतात. पुस्तक पंधरा दिवसांसाठी, उशीर झाला की रोज दंड, दंड साचला की सभासद बंद. हे नियम कुणी ठरवले? संचालक मंडळानं ठराव केला का? बहुतेक ठिकाणी नाही. ते आयते आले आणि कुणी बदलले नाहीत.

आपला तालुका ऊसतोड मजुरांचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. परततात उन्हाळ्याच्या तोंडाला. आता चिंचवणचा किंवा कुप्प्याचा एखादा तरुण घ्या. बारावी झालेला, स्पर्धा परीक्षेचं पुस्तक नेलेलं, आणि मुकादमाची उचल घेतलेली असल्यामुळे अचानक टोळीबरोबर जावं लागलेलं. पुस्तक घरात, पत्र्याच्या पेटीत. रोज एक रुपया दंड धरला तर पाच महिन्यांनी दीडशे रुपये होतात. तो परत येतो तेव्हा पडद्यावर लाल अक्षरात त्याचं नाव असतं. तो दीडशे रुपये भरत नाही, आणि पुस्तकही आणून देत नाही, कारण आणलं की दंड निघतो. ग्रंथालयानं एक पुस्तक गमावलं आणि एक वाचक गमावला.

नोंदवही असताना ग्रंथपाल काय करायचा? नावापुढे पेन्सिलनं लिहायचा, 'कारखान्यावर गेले'. तो आला की हसून पुस्तक परत घ्यायचा. ही माणुसकी होती आणि हिशेबाची हुशारीही होती, कारण पुस्तक परत येत होतं. संगणकाला पेन्सिल नाही. पण नियम आहेत, आणि ते बदलता येतात. कोहासारख्या प्रणालीत सभासदांचे वर्ग करता येतात. 'हंगामी वाचक' असा एक वर्ग करा, त्याची परतीची तारीख पंधरा दिवसांवर न ठेवता ३० एप्रिल ठेवा, दंड शून्य. अर्ध्या तासाचं काम आहे. पण हे अर्ध्या तासाचं काम दुसऱ्या शहरात बसून प्रणाली लिहिणारा करणार नाही. त्याला कोयता म्हणजे काय हे माहीत नाही. ते वडवणीतच करावं लागेल. आणि जी मुलं मागं राहतात, आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात, त्यांना आईवडिलांच्या नावावर पुस्तक मिळण्याची सोय त्यातच करा.

नावांचंही तसंच. प्रणालीचा फॉर्म विचारतो : पहिलं नाव, आडनाव. मराठवाड्यातला मुसलमान माणूस आपलं नाव कसं सांगतो? 'शेख अमुक शेख तमुक.' शेख आधी, मध्ये स्वतःचं नाव, पुन्हा शेख, मग वडिलांचं. फॉर्म भरणारा गोंधळतो. कुणी शेख पहिल्या रकान्यात घालतो, कुणी शेवटच्या. मग यादीत शेख, सय्यद आणि पठाण अशा तीन ढिगांत निम्मी वस्ती. एकाचं पुस्तक दुसऱ्याच्या नावावर, एकाचा दंड दुसऱ्याच्या माथी. ही गंमतीची गोष्ट नाही. ज्या माणसाला प्रत्येक सरकारी कागदावर नावाच्या चुकीसाठी हेलपाटे घालावे लागतात, त्याला ग्रंथालयातही तेच दिसलं तर तो पुन्हा येत नाही. उपाय सोपा आहे. शोध नावानं न करता सभासद क्रमांकानं करा. नाव एकाच रकान्यात, माणूस सांगेल तसं अखंड लिहा. गावाचा रकाना ठेवा. आणि जात-धर्माचा रकाना असेल तर तो काढून टाका. पुस्तक द्यायला तो लागत नाही.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. आपल्या घरांत मोबाईल कुणाच्या नावावर असतो? वडिलांच्या, भावाच्या, नवऱ्याच्या. मुलगी सभासद होते तेव्हा अर्जावर तोच नंबर लिहिते. एरवी हे चालून जायचं, कारण नोंदवहीला बोलता येत नव्हतं. आता प्रणाली संदेश पाठवते : 'आपण नेलेलं अमुक पुस्तक परत करण्याची मुदत संपली.' पुस्तकाच्या नावासकट. पुस्तक बालविवाहाच्या कायद्यावरचं असेल, तलाकच्या प्रश्नावरचं असेल, आंतरधर्मीय लग्नावरचं असेल, हमीद दलवाईंचं असेल, शरीराच्या आजारावरचं असेल. संदेश पोहोचतो भावाच्या हातात. त्या संध्याकाळी त्या घरात काय होईल हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर ती मुलगी ग्रंथालयात दिसली नाही, तर आकडेवारीत ती 'निष्क्रिय सभासद' म्हणून मोजली जाईल.

कोणताही समाज बदलतो तो आधी कुणीतरी एकट्यानं काहीतरी वाचल्यामुळे. ते वाचन पक्कं होईपर्यंत त्याला आडोसा लागतो. देवळातला माणूस असो, मशिदीतला असो की पक्षाच्या कार्यालयातला, त्याला आपण कोण काय वाचतं याची यादी देणार नाही, ही ग्रंथालयाची पहिली नीती. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला. २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संसदेनं केला. सांगितलेल्या कामापुरतीच माहिती घ्यावी, हा त्याचा गाभा. आपल्या ग्रंथालयाला हे लागू करायला सरकारी परिपत्रकाची वाट बघायची गरज नाही.

इतरत्र ग्रंथपालांनी यासाठी किंमत मोजली आहे. अमेरिकेत २००१नंतर दहशतवादविरोधी कायद्याच्या जोरावर वाचकांच्या नोंदी मागण्याचा अधिकार सरकारनं घेतला. २००५ साली कनेक्टिकट राज्यातल्या चार ग्रंथपालांनी अशी मागणी धुडकावली आणि कोर्टात गेले. तोंड उघडायची बंदी होती. आपलं नावही त्यांना सांगता येत नव्हतं. वर्षभरानं सरकारला माघार घ्यावी लागली. त्या काळात अनेक ग्रंथालयांनी साधी युक्ती केली : पुस्तक परत आलं की वाचकाचं नाव त्या नोंदीतून पुसायचं. पुस्तक किती वेळा गेलं हा आकडा राहतो, कुणी नेलं ते राहत नाही. जे आपल्याकडे नाही ते कुणी मागू शकत नाही, आणि चोरूही शकत नाही. चोरीचंही उदाहरण आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. खंडणी नाकारल्यावर कर्मचाऱ्यांची आणि वाचकांची माहिती इंटरनेटच्या काळ्या बाजारात टाकली गेली. ऑनलाइन सूची पुन्हा दिसायला जानेवारी २०२४ उजाडला. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत. आपण तर पासवर्ड मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवून ठेवतो.

गंमत अशी की इथं संगणक नोंदवहीपेक्षा चांगला ठरू शकतो. देवघेव नोंदवही टेबलावर उघडी असते; सही करायला वाकलेला माणूस वरच्या दहा ओळी वाचतो. पाटलांच्या सुनेनं काय नेलं, मौलवींच्या मुलानं काय नेलं, सगळं उघड. कोहात वाचकाचा इतिहास न ठेवण्याची सोय आहे. म्हणजे तेच यंत्र, एका बाजूनं बसवलं तर चुगली करतं, दुसऱ्या बाजूनं बसवलं तर गुपित राखतं. कळ कुठल्या बाजूला आहे हे बघायची जबाबदारी आपली.

दोन छोटे मुद्दे घाईनं सांगते. एक, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पुस्तकांच्या पी.डी.एफ. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं पुस्तकावर हक्क असतो. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांची पुस्तकं खुली आहेत. दलवाई १९७७मध्ये गेले, त्यांची २०३७ संपेपर्यंत नाहीत. ग्रंथालयाच्या गटावर चोरीची प्रत टाकू नये; मराठी प्रकाशक आधीच टेकीला आलेले आहेत. दोन, जुन्या पुस्तकांचं स्कॅनिंग. उर्दू नस्तालिकमध्ये अक्षरं तिरकी, एकमेकांवर उतरत येतात. यंत्राला ती वाचणं जड जातं. म्हणून 'स्कॅन झालं, आता मूळ प्रत रद्दीत' असं कुणी म्हटलं तर हात धरा. स्कॅनसाठी पुस्तकाची बांधणी कापू देऊ नका. पुस्तक अर्धवट उघडून, चांगल्या उजेडात, फोननं पान-पान टिपता येतं.

शेवटी, घरी जाऊन करायचं काम. पुढच्या बैठकीत पाच ओळींचा ठराव मांडा. एक : सर्व नोंदी युनिकोडमध्ये, आणि दाखल नोंदवही चालूच राहील. दोन : महिन्यातून एकदा यादीच्या दोन प्रती, एक ग्रंथालयात, एक दुसऱ्या कुणाच्या घरी, लाईट गेली, संगणक जळला तरी देवघेव वहीवर चालू राहील. तीन : हंगामी वाचकाला दंड नाही, त्याची तारीख हंगामानंतरची. चार : संदेशात पुस्तकाचं नाव जाणार नाही, 'ग्रंथालयाशी संपर्क साधा' एवढंच जाईल, आणि संदेश नको म्हणणाऱ्याला तोही नाही. पाच : पुस्तक परत आल्यावर वाचकाचं नाव नोंदीत राहणार नाही; आधार कार्ड ओळखीपुरतं बघून परत द्यायचं, झेरॉक्स ठेवायची नाही.

या ठरावाला पैसा लागत नाही. संगणक नसलेल्या ग्रंथालयालाही यातले दोन-तीन मुद्दे आजच लागू करता येतील. आणि तालुक्यातल्या चार ग्रंथालयांनी आपापले तक्ते एकमेकांना दिले, तर उपळीच्या वाचकाला कळेल की त्याला हवं ते पुस्तक वडवणीत आहे. ते आणून द्यायला बाजाराच्या दिवशी येणारा कुणीतरी सापडेल.

हंगामी वाचकांचं काम मात्र दसऱ्याच्या आधी करा. टोळ्या निघायच्या आत त्यांना बोलवा, नवी तारीख सांगा, आणि वाटेत वाचायला एक-एक पुस्तक बरोबर द्या. फडावर रात्री मोबाईलच्या उजेडात वाचलं जाईल.